पोकळीतलं पाणी

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

चिखल्यात पाण्याचा निचरा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमसर तालुक्यातलं हे गाव मँगनीजच्या पट्ट्यावर वसलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथली जमीन खणली जाते आहे. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाच्या ब्रिटिश कंपनीनं या भागातल्या मँगनीजचा व्यवसाय सुरू केला. १९६२ मध्ये तिच्या मालमत्तेतून मॉयल ही सरकारी खाणकंपनी उभी राहिली. शेजारची डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, चिखल्याची जमिनीखाली. जमिनीखालच्या खाणीचा साधा नियम इथल्या घराघरांत ठाऊक आहे: खनिज काढलं की पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की तिच्यात पाणी उतरतं. हे पाणी एका खड्ड्यात गोळा करून पंपानं वर काढावं लागतं. एका पाळीचा पंप बंद राहिला, तर पुढच्या पाळीला ते लगेच कळतं. रिकाम्या झालेल्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून काढतात. वाळू बसते, पाणी झिरपून बाहेर येतं आणि वरचा भार तोलला जातो.

स्त्रीच्या छातीवर होणाऱ्या एका शस्त्रक्रियेनंतर शरीरातही जवळजवळ हेच घडतं.

भारतातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. जागतिक पातळीवरच्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. मोठ्या शहरांत गाठ लहान असताना सापडली तर स्तन वाचवता येतो. गावाकडून येणाऱ्या बाईची गाठ बहुतेकदा मोठी झालेली असते, काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेला असतो, मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढाव्या लागतात. भंडारा जिल्ह्यातली बाई यासाठी नागपूर गाठते. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. काहीजणी गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसनं तुमसर रोडवरून थेट मुंबई गाठतात, परळच्या टाटा रुग्णालयासाठी. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची. खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. टाके नीट असतात, ताप नसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर सांगतात की आता घरी जा. बाई घरी येते तेव्हा तिच्या कुशीतून एक किंवा दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला प्लास्टिकची डबी लोंबत असते.

या डबीविषयी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. शस्त्रक्रियेविषयी लोक बोलतात, केमोविषयी बोलतात, गेलेल्या केसांविषयीही आता बोलू लागले आहेत. डबी मात्र पदराखाली झाकलेली राहते. म्हणून हे व्याख्यान तिच्याविषयी.

ती कशासाठी असते, ते आधी पाहू. स्तन काढताना वरची कातडी खालच्या स्नायूपासून सोडवून घेतली जाते. आतला भाग काढल्यावर ती कातडी पुन्हा छातीवर पसरून शिवतात. वरून पाहिलं तर जखम बंद झालेली दिसते, आत मात्र कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये एक मोकळी जागा उरते. काखेतल्या गाठी काढताना लसवाहिन्यांचं बारीक जाळं कापलं गेलेलं असतं. त्या वाहिन्यांतून पाझरणारी लस आणि थोडं रक्त या मोकळ्या जागेत उतरत राहतं. ते तिथेच साचलं तर कातडी स्नायूला चिकटत नाही, जखम फुगते, टाके ताणले जातात आणि साचलेल्या पाण्यात जंतूंना वाढायला जागा मिळते. नळी हे पाणी बाहेर काढते. डबी दाबून बंद केलेली असल्यामुळे तिच्यात ओढ असते, त्या ओढीनं कातडी खाली खेचली जाऊन स्नायूला टेकलेली राहते. खाणीत वाळू जे करते, ते इथे ही ओढ करते. पोकळी मिटवणं हे नळीचं खरं काम आहे, पाणी काढणं हा त्याचा मार्ग.

शरीरात नळी घालून निचरा करण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माची १०१ यंत्रं सांगितली आहेत, त्यांत वीस नाडीयंत्रं आहेत, म्हणजे पोकळ नळीच्या आकाराची. १८५९ मध्ये एदुआर शासेन्याक या फ्रेंच शल्यवैद्यानं रबरी नळ्यांनी निचरा करण्यावर ग्रंथच लिहिला. पण या नळ्या बाहेरच्या बाजूला उघड्या असत. पाणी बाहेर येई, तसे जंतू आतही जात. विसाव्या शतकात नळीचं बाहेरचं टोक बंद डबीला जोडलं गेलं आणि निचऱ्याला ओढ मिळाली. १९७१ मध्ये जॅक्सन आणि प्रॅट यांनी सिलिकॉनची मऊ नळी वर्णिली, ती मुळात कवटीत साचलेलं रक्त काढण्यासाठी होती. आज जगभर स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचाच लिंबाएवढा फुगा लोंबताना दिसतो. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डांत मात्र बहुधा घडीचा, हार्मोनियमच्या भात्यासारखा डबा असतो. तो आग्र्याच्या रोमसन्स कंपनीचा ‘रोमोव्हॅक’. परिचारिकांच्या तोंडी हे नाव इतकं बसलं आहे की दुसऱ्या कंपनीच्या डब्यालाही रोमोव्हॅकच म्हणतात.

भाता किती दाबायचा, हाही अभ्यासाचा विषय झाला आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात डॉ. चिंतामणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५ स्त्रियांवर केलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा भाता पूर्ण दाबला, काहींचा अर्धाच. अर्ध्या ओढीच्या गटात नळी लवकर काढता आली, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, आणि पाणी साचण्याचा त्रास काही वाढला नाही. फार जोराची ओढ कदाचित झिरपणाऱ्या वाहिन्यांची तोंडं मिटू देत नसावी. याचा अर्थ प्रत्येकीनं घरी अर्धाच भाता दाबावा असा नाही. आपल्या शल्यवैद्यानं काय सांगितलं आहे ते विचारावं आणि तेवढंच करावं. पण साध्या वाटणाऱ्या वस्तूमागे किती बारकाई आहे, हे या प्रयोगातून कळतं.

आता घरातलं काम. हे काम कठीण नाही. त्याला क्रम मात्र आहे, आणि क्रम चुकला की घोटाळा होतो. साबणानं हात धुवायचे. नळीवरची चिमटी बंद करायची. डब्याचं झाकण उघडायचं आणि पाणी मापाच्या प्याल्यात ओतायचं. डबा सांगितला तेवढा दाबायचा आणि दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावायचं. मग चिमटी उघडायची. सगळ्यात जास्त विसरली जाते ती ही शेवटची पायरी. चिमटी बंदच राहिली तर डबा रिकामा राहतो, घरच्यांना वाटतं पाणी थांबलं, बरं झालं; आणि आत कातडीखाली पाणी चढत असतं. दुसरी चूक म्हणजे झाकण लावण्याआधी हात सोडणं. मग डबा फुगतो आणि ओढ जाते. फुगलेला डबा ही निव्वळ लोंबती बाटली आहे, तिचा उपयोग अगदी थोडा.

दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी रिकामा करावा. पहिल्या काही दिवसांत तीनदाही करावा लागतो. डबा अर्धा भरला की वेळ झाली नसली तरी रिकामा करावा, कारण भरलेल्या डब्यात ओढ राहत नाही आणि त्याच्या वजनानं नळीचा टाका ताणला जातो. नळीत रक्ताची गुठळी अडकलेली दिसली तर रुग्णालयात दाखवून दिल्याप्रमाणे ती सरकवता येते: एका हाताच्या बोटांनी कातडीजवळ नळी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीनं डब्याच्या दिशेनं दाबत न्यायचं. कातडीजवळचा हात सुटला तर ओढ थेट टाक्यावर येते. प्याला स्वयंपाकघरातला नको, या कामाचा वेगळा असावा. पाणी शौचालयात ओतावं, परसात किंवा मोरीत नाही.

आणि लिहून ठेवावं. या व्याख्यानाचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. दोन नळ्या असतील तर दोन रकाने. तारीख, वेळ, किती मिली, रंग कसा. उदाहरणादाखल, पहिल्या दिवशी १५०, मग १२०, मग ९०, ७०, ५५, असं उतरत जाणारं माप दिसावं. रंगही बदलतो. आधी लाल, मग फिका गुलाबी, शेवटी वाळलेल्या तणसाच्या रंगाचा पिवळसर. चोवीस तासांचं माप सलग दोन दिवस साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढायची, असा ठोकताळा बहुतेक ठिकाणी पाळतात. काही डॉक्टर २० म्हणतात, काही ५० वर समाधान मानतात. बहुतेकींची नळी एक ते तीन आठवड्यांत निघते. पण नळी कधी काढायची हे ठरतं त्या वहीवरून. वही नसेल तर डॉक्टरला त्या दिवशीचा डबा तेवढा दिसतो, मागचे आठ दिवस दिसत नाहीत.

चिखल्याहून नागपूर शंभरेक किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, घरातली दोन माणसं एक अख्खा दिवस देऊन तिथे जातात, रांगेत बसतात, आणि ‘अजून पाणी येतंय, पुढच्या आठवड्यात या’ एवढं ऐकून परततात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत सवलत आहे. तरी बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही. हीच बाई फोनवर सांगू शकली की काल ६५ होतं, आज ६०, रंग पिवळसर, ताप नाही, तर ती फेरी वाचते. आणि काल ४० होतं, आज अचानक १५० आणि लालभडक, असं सांगू शकली तर ती त्याच दिवशी रुग्णालयात पोचते. वहीतला आकडा गावातून नागपूरपर्यंत बोलतो. खाणीत पाळी बदलताना पाण्याची स्थिती पुढच्याला सांगावी लागते, तसंच हे.

गडबड कधी समजायची, तेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं. ताप १००.४ अंशांच्या वर. पाणी पेजेसारखं गढूळ किंवा दुर्गंधी असलेलं. जखमेभोवती वाढत जाणारा लालपणा आणि ऊब. डबा भराभर ताज्या रक्तानं भरणं. भरपूर येणारं पाणी एकाएकी थांबणं आणि छाती किंवा काख फुगणं. नळी बाहेर सरकणं. सरकलेली नळी पुन्हा आत ढकलायची नाही, स्वच्छ कापड लावून तडक निघायचं. छिद्राभोवती हळद, राख, लिंबाचा पाला यांतलं काही लावायचं नाही. हे सांगताना संकोच वाटू नये, कारण लावणारी माणसं मायेपोटीच लावतात.

डबा ठेवायचा कुठे, हा प्रश्न पुस्तकात एका ओळीत संपतो आणि घरात मात्र चोवीस तास छळतो. डबा जखमेच्या खाली राहिला पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. सेफ्टी पिननं कपड्याला अडकवताना पिन नळीतून गेली की नळी वाया गेली. उत्तम उपाय म्हणजे जुन्या सुती लुगड्याची, गळ्यात अडकवायची छोटी पिशवी, नळ्या दोन असतील तर दोन कप्प्यांची. ती शस्त्रक्रियेच्या आधीच शिवून ठेवावी, कारण नंतर काही दिवस बाईला स्वतः हात वर करून शिवता येत नाही. पुढून उघडणारं पोलकं किंवा गाऊन हवा, डोक्यातून घालायचा कपडा नको. झोपताना पाठीवर किंवा चांगल्या कुशीवर, हाताखाली उशी, आणि डबा बाजेच्या कडेला असा की कूस बदलताना ओढला जाणार नाही. घरात लहान मूल असेल तर हे दहापट महत्त्वाचं. नळी असेपर्यंत बहुतेक डॉक्टर पुसून अंघोळ करायला सांगतात.

हात पोटाशी धरून बसणं ही आणखी एक चूक, आणि ती काळजीपोटी होते. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायची. खांदा सांगितल्याप्रमाणे, साधारणपणे नळी असेपर्यंत खांद्याच्या उंचीपर्यंत. वेणी घालण्याचा प्रयत्न नळी निघाल्यावर. घागर, लाकडाची मोळी, हातपंप हे काही आठवडे बंद. इथे अडचण बाईच्या शरीराची कमी आणि घराच्या रीतीची जास्त. घरात दुसरी बाई नसेल तर पाणी कोण भरणार? पुरुषांनी भरायचं. डबाही पुरुषांनी रिकामा करायला शिकायचं. बायकोच्या अंगातून आलेलं पाणी मोजणं हे मुलाच्या तापाचा पारा पाहण्याइतकंच साधं काम आहे, त्यात कमीपणा कसला?

बाईला लवकर घरी पाठवणं मुळात बरोबर आहे का, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. मँचेस्टरमधल्या डॉक्टरांनी १०० स्त्रियांवर केलेला एक तुलनात्मक अभ्यास १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. नळीसह लवकर घरी गेलेल्या स्त्रियांना शारीरिक वा मानसिक त्रास जास्त झाला नाही, उलट त्यांचा खांदा अधिक चांगला हलू लागला होता. पण त्यांच्या पाठीशी घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका होती. आपल्याकडे नळी घरी पाठवली जाते, परिचारिका पाठवली जात नाही. पुष्कळदा हातात पडतो तो इंग्रजीत छापलेला कागद.

म्हणूनच टाटा रुग्णालयाजवळ राहण्याची सोय हीदेखील उपचाराचाच भाग ठरते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येतात. परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देतात. असा निवारा असला की नळी असेतो बाईला शेकडो किलोमीटरचा प्रवास टाळता येतो. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या तेव्हा त्यांच्या मनात यात्रेकरू, गोरगरीब, आजारी माणूस सगळेच होते. आज त्यांच्या नावाच्या छताखाली कॅन्सरचे रुग्ण विसावतात, याहून उचित काय असेल.

गावात मात्र काय करता येईल? याचं उत्तर मुंबईच्याच एका मोठ्या प्रयोगात आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईतल्या झोपडवस्त्यांतल्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर वीस वर्षं चालवलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाची हातानं तपासणी डॉक्टरांनी केली नाही. ती केली दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी. ज्या गटात ही तपासणी झाली, तिथे कॅन्सर आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

दहावी शिकलेल्या बाईच्या बोटांना गाठ ओळखायला शिकवता येते, तर डब्यातलं पाणी मोजायला शिकवणं किती सोपं! गावोगावी आशाताई आहेत. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन बाळाचं वजन आणि ताप बघण्याचं वेळापत्रक त्या आजही पाळतात. नळी घेऊन घरी आलेल्या बाईसाठी असंच वेळापत्रक असावं, असं व्याख्यात्याचं ठाम मत आहे. त्या भेटीचा वेगळा मोबदला मिळावा, नुसतं ओझं वाढवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला ड्रेसिंग बदलणं आणि ओढ तपासणं शिकवावं. रुग्णालयानं नळीची शिकवणी शस्त्रक्रियेच्या आधी द्यावी, भूल उतरत असताना नाही. मराठीत द्यावी आणि सोबत्याच्या हातून एकदा डबा रिकामा करून घ्यावा. महिला बचत गटांनी दोन कप्प्यांच्या सुती पिशव्या शिवून रुग्णालयाला द्याव्यात. यातल्या एकाही गोष्टीला मोठं यंत्र लागत नाही.

नळीची गरज पुढे कमीही होईल. काखेतल्या सगळ्या गाठी न काढता पहिल्या एक-दोन रक्षक गाठीच तपासून थांबता येतं, तिथे पाझर कमी असतो. कातडी आतून स्नायूला टाक्यांनी शिवून पोकळीच मिटवण्याची पद्धतही रुळते आहे, त्यामुळे काही ठिकाणी नळीशिवाय भागतं. पण गाठ लहान असताना आलेल्या बाईला याचा लाभ अधिक. तोवर गावाकडच्या बहुतेक जणींना नळी आहेच.

ती काढतात तेव्हा काही सेकंद लागतात. टाका कापतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि नळी ओढून घेतात. आत ओढल्यासारखं, थोडं जळजळल्यासारखं वाटतं. छिद्रावर छोटी पट्टी, ते काही दिवसांत मिटतं. त्यानंतरही कधी कधी काखेत पाणी साचतं, मऊ फुगवटा येतो. घाबरू नये, हे अनेकींना होतं. डॉक्टर सुईनं ते काढतात, एकदा, क्वचित तीन-चारदा. पुन्हा साचलं तर पुन्हा तारीख आणि माप त्याच वहीत लिहायचं. वहीची पुढची पानं कोरी असतात, तिथे काढलेल्या गाठींचा तपासणी अहवाल कधी मिळाला, केमोची पहिली तारीख कोणती, कुठल्या खिडकीवर कुठला कागद दाखवायचा, हे सगळं लिहायला जागा उरलेली असते.